आधी भूलतज्ज्ञ आणा

सिझर की नॉर्मल? मुंबईत हा प्रश्न सातव्या महिन्यात, पंख्याखाली बसून विचारला जातो. आटगावच्या आसपासच्या पाड्यांवर तो कुणी विचारत नाही. तिथे एकदम उत्तरच येतं, तेही कळा सुरू झाल्यावर, रात्री : "पुढे घेऊन जा."

पुढे म्हणजे तालुक्याचं गाव शहापूर. तिथे जमलं नाही तर उल्हासनगर, कळवा किंवा ठाणे. कसारा लाइनवरचं आटगाव मुंबईपासून सुमारे ९५ किलोमीटरवर आहे आणि हायवेही जवळ आहे. पण पाड्यापासून हायवेपर्यंत यायचं असतं. पावसाळ्यात बाईला झोळीत घालून आणल्याच्या बातम्या या तालुक्यातून आजही येतात. तानसा आणि भातसा याच तालुक्यात आहेत. मुंबईला पाणी पोचवायला आपण मैलोन्‌मैल लांबीच्या योजना आखल्या, आणि बाळंतिणीला दोन मैल रस्ता देता आला नाही.

सिझर वाईट, असं मी म्हणणार नाही. कळा लागल्यावरही मूल आडवं असेल, वार पिशवीच्या तोंडावर असेल, तर सिझरच करायचं. तिथे निवड नाहीच. "आमच्या सगळ्यांची घरीच झाली," असं म्हणणाऱ्या सासूचं त्या रात्री ऐकू नये. ज्यांची घरी नीट झाली नाहीत, त्या सांगायला उरलेल्या नाहीत.

पण दुसरी बाजूही बघा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, देशात सिझरचं प्रमाण २१.५ टक्के होतं आणि महाराष्ट्रात २५.४ टक्के. देशभरात सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के, खासगीत ४७.४ टक्के. अवघड केस खासगीत जास्त जात असतील, आधीचं सिझर झालेल्याही तिकडे जात असतील, हे मान्य. तरीही तिपटीहून अधिक? इमारत बदलली म्हणून बाईची कंबर अरुंद होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितलं, की लोकसंख्येत सिझरचं प्रमाण दहा टक्क्यांच्या वर गेल्यावर मातांचे आणि नवजात बाळांचे मृत्यू आणखी कमी होताना दिसत नाहीत. मग वरची सिझर कुणासाठी होतात?

काही सिझर वेळ वाचवण्यासाठी होतात. पहिलटकरणीच्या कळा लांबतात. पिशवीचं तोंड पाच सेंटिमीटर उघडेपर्यंत ते सावकाश उघडलं तर घाबरू नये आणि तासाला एक सेंटिमीटर हा नियम सगळ्यांना लावू नये, असं याच संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट लिहिलं. त्यासाठी डॉक्टरला आणि नर्सला रात्र काढावी लागते. सिझर तासाभरात उरकतं. शिवाय बिल मोठं होतं. नातेवाईकही कमी नाहीत. कळा बघवत नाहीत म्हणून तेच सही करायला धावतात, आणि मुहूर्त काढून तारीख मागणारेही आहेत.

आता आटगावसाठी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी सही घेताना क्वचितच कुणी सांगतं. पहिलं सिझर म्हणजे दुसऱ्या बाळंतपणाचाही निर्णय. पिशवीवर व्रण राहतो. पुढच्या वेळी कळा आल्यावर तो उसवण्याची शक्यता थोडी असते, हजारात पाच-सातच. पण उसवला तर मिनिटांचा खेळ असतो. वार व्रणावर रुजली तर रक्तस्राव आवरणं अवघड होतं, आणि दर सिझरबरोबर तो धोका वाढतो. एका सिझरनंतर नॉर्मल बाळंतपण होऊ शकतं, प्रयत्न करणाऱ्या दर चौघींपैकी तिघींच्या आसपास ते जमतं. मात्र ते शस्त्रक्रियागृहाजवळच करावं लागतं. ठाण्यातल्या बाईला हे शस्त्रक्रियागृह रिक्षाच्या अंतरावर आहे. आषाढात ओढ्यापलीकडच्या पाड्यावरल्या बाईने काय करायचं? गरज नसताना केलेलं एक सिझर तिला आयुष्यभर रस्त्याशी बांधून टाकतं. हे तिला पहिल्याच वेळी, तिच्या भाषेत, कागद पुढे करण्याआधी सांगायला हवं. कळांच्या मध्ये पानभर इंग्रजी वाचून दिलेली संमती ही संमती नाही.

म्हणून माझं भांडण सिझरशी नाही आणि नॉर्मलशीही नाही. निवडीसाठी लागणारी सोय गावात न देता निवडीवर भाषण देणाऱ्यांशी आहे. सरकारच्या पुस्तकात 'फर्स्ट रेफरल युनिट' म्हणजे चोवीस तास तातडीचं सिझर, नवजाताची काळजी आणि रक्ताची साठवण. या तिन्हींपैकी एक जरी रात्री नसेल, तर तो फलक खोटा. ग्रामीण भागात कितीदा सर्जन असतो आणि भूलतज्ज्ञ नसतो, हे वर्षानुवर्षं चालू आहे. भूल देणारा नसेल तर टेबल, दिवा, सर्जन, काहीच कामाचं नाही.

१ जून २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात बाळंतपण फुकट आहे. सिझरसुद्धा. औषधं, रक्त, घरून येण्याची, दुसऱ्या दवाखान्यात नेण्याची आणि परत घरी सोडण्याची गाडीही त्यात येते. २०१६ मध्ये केंद्राने सरकारी रुग्णालयांत बाळंतपणाच्या वेळी सोबतीला एक बाई ठेवायला परवानगी दिली. आई, बहीण, नात्यातली जी विश्वासाची असेल ती. कळा सोसण्याची हिंमत औषधाइतकीच सोबतीच्या हातानेही येते. पाड्यावरच्या किती जणींना हे दोन्ही हक्क माहीत आहेत? आशाताईंनी सातव्या महिन्यातच ते घरोघरी सांगावेत, आणि सांगितलेलं दवाखान्यात पाळलं जावं.

शहापूर आणि शेजारच्या मुरबाडच्या दवाखान्यांच्या दारावर दोन फलक लावा. एकावर या आठवड्यात रात्री भूलतज्ज्ञ कोण आणि रक्त कोणत्या गटाचं शिल्लक आहे ते लिहा. दुसऱ्यावर गेल्या महिन्यात किती बाळंतपणं झाली, किती सिझर झाली आणि किती बायांना पुढे पाठवलं ते लिहा. खासगी दवाखान्यांनीही तोच दुसरा फलक लावावा. पुढच्या ग्रामसभेत कुणीतरी उठून ही मागणी ठरावात घाला, आणि ठरावाची प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांच्या टेबलावर नेऊन ठेवा.