बेताबेताने लबाडी

गूगलच्या शोधात वर यायला इतर संकेतस्थळांकडून लिंका विकत घेताना एकदम घेऊ नका, गूगलला संशय येतो, असं सल्लागार मंडळी बजावतात. रोज चार-पाच घ्या, मधला एखादा रविवार सोडा, म्हणजे वाढ कशी ‘नैसर्गिक’ दिसते. लिंक म्हणजे गूगलच्या लेखी शिफारस; अशी खोटी शिफारसपत्रं गोळा करायला हरकत नाही, फक्त दमादमाने करा. गिऱ्हाइकाचा पुढचा प्रश्न ठरलेला: महिन्याला किती पचतील?

वेगाचं म्हणाल तर खरी बातमी फुटली की एका रात्रीत हजारो लिंका जुळतात, कुणी शिक्षा करत नाही. अडचण असते ती लिंका देणाऱ्यांच्या गोतावळ्याची. अमेरिकेतल्या जे. सी. पेनी या दुकानसाखळीचं नाव कित्येक महिने शोधात अव्वल होतं. फेब्रुवारी २०११मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने खणून पाहिलं, तर तिच्या झग्यांकडे बोट दाखवणाऱ्यांत घोरणं, मासेमारी आणि दातांचे डॉक्टर यांवरची संकेतस्थळं! गूगलने हात उगारला आणि एका बॅगेच्या शोधात पहिली असलेली पेनी दोन तासांत एकाहत्तरावी झाली. ‘आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं’ म्हणत कंपनीने सल्लागारांना नारळ दिला.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये लिंकांची लबाडी पकडणारं गूगलचं ‘पेंग्विन’ अपडेट आलं, अनेकांची धूळधाण झाली. ऑक्टोबरात गूगलने नको त्या लिंका नाकारायची सोय दिली. लगेच लिंका जोडून देणाऱ्यांनीच त्या निस्तरून द्यायचंही दुकान थाटलं. तिथे मात्र हप्ते नाहीत, रोकडा व्यवहार.