आद्य संशोधकाची सनद

परगावच्या एखाद्या अरुंद गल्लीत, पाटीवरची अक्षरे धुराने पुसली गेलेले आणि दोन बाकांवर सारा संसार मांडलेले दुकान दृष्टीस पडावे, आत शिरून पहिला घास घ्यावा, आणि ती गल्ली, तो घास व सभोवतालचा मुलूख हे सर्व त्याच क्षणी आपल्या नावे इनाम लागले अशी भावना अंतःकरणात उचंबळून यावी, हा माझा जुना विकार आहे. दोन बाकांवर मावतील त्याहून अधिक माणसे त्या वेळी तेथे जेवत असतात, ही गोष्ट माझ्या संशोधनाच्या आड कधीच आलेली नाही. ती माणसे नुसती भूक लागली म्हणून आलेली असतात. त्यांच्या येण्यामागे काही उच्च हेतू नसतो.

कोल्हापुरात असाच एक शोध लावून मी मिसळीसमोर बसलो होतो. शेजारी एक थोराड, कान मोडलेले गृहस्थ ब्रेड कटात बुडवून शांतपणे खात होते. ज्ञान स्वतःपाशी ठेवणे हे पाप असल्यामुळे मी त्यांना या कटाची लज्जत, त्यातील खोबऱ्याचे व मसाल्याचे प्रमाण आणि ही जागा सापडण्यासाठी लागणारी दृष्टी यांविषयी सविस्तर माहिती दिली. त्यांनी ती अतिशय अदबीने ऐकून घेतली आणि म्हणाले, “पावणं, माझा आजा तालमीतनं सुटला की हितंच यायचा. तुमी खावा निवांत. कट आनि घ्या.” कट मी घेतला, परंतु त्यांच्या आजोबांनी या गोष्टीची कोठेही लेखी नोंद ठेवली नसल्यामुळे अग्रहक्क कायद्याने माझ्याकडेच राहतो, असा निकाल मी त्याच बाकावर दिला. माझ्या दफ्तरी मात्र नोंद असते. गोव्यातील बाजारात सकाळी पाव आणि पातळ भाजी देणारी चहाची दुकाने, जळगावकडे हिवाळ्यात मिळणारे भरीत, असा सारा बंदोबस्त तीत गाववार लावलेला आहे.

एवढ्या नोंदी झाल्यावर सिद्धान्त सुचणे क्रमप्राप्तच होते. तो असा की, खाण्याची उत्तम दुकाने रसनेच्या पोटी जन्मत नाहीत, खोळंब्याच्या पोटी जन्मतात. ठाण्याच्या प्रसिद्ध मिसळीला मामलेदाराचे नाव आहे, कारण ती कचेरीच्या शेजारी आहे; आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठी तिष्ठत राहिलेल्या माणसाला सरकार जे देत नाही ते शेजारच्या दुकानाने द्यावे, यात नवल ते काय?

परंतु या सिद्धान्ताचा मुकुटमणी कर्जत होय, आणि कर्जत म्हटले की मला आवरत नाही. 1863 साली बोरघाटातून आगगाडी सुरू झाली. चढ एवढा की सदतीस फूट पुढे जावे तेव्हा एक फूट वर यावे. गाडीच्या पुढच्या एंजिनाला ते एकट्याने झेपेना, म्हणून पुण्याकडे चढणाऱ्या गाडीला कर्जतला मागून ढकलणारी एंजिने जोडण्याची वहिवाट पडली. ती जोडायला काही मिनिटे लागतात. त्या मिनिटांत उतारूंना काही उद्योग नसतो. आणि निरुद्योगी मराठी मनुष्याच्या हाती बटाटावड्याहून अधिक योग्य असे काय ठेवता येईल? खिडकीच्या गजांतून नोटा बाहेर जातात, कागदातून हात भाजणारे वडे आत येतात, सुट्ट्या पैशांचा कज्जा गाडी हलेपर्यंत चालतो. मागच्या एंजिनाने पहिला धक्का दिला की सारा डबा तोंडात वडा धरून घाट चढू लागतो. सह्याद्री थोडा सखल असता तर हा वडा महाराष्ट्राला लाभला नसता, असे मी डब्यातील अनोळखी माणसांना नेहमी सांगतो, आणि ती माणसे खिडकीबाहेर पाहू लागतात.

या घाटाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल 1859 साली येथे आला आणि थोड्याच दिवसांत वारला. त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने ठेका पुढे चालवून काम तडीस नेले; तिचे नाव निदान पुस्तकांत आहे. कडे फोडताना, पटकीने आणि तापाने जे हजारो मजूर मेले त्यांची नावे माझ्या वहीत नाहीत, आणि दुसऱ्या कोणाच्याही वहीत असल्याचे मला आढळलेले नाही. शोधांचा अभिमान बाळगणाऱ्याने बोगद्यातील अंधारात या गोष्टीचा विचार करू नये; वडा थंड होतो.

खोळंबा गेला की दुकानही जाते, हे सिद्धान्ताचे दुसरे कलम मला मुळीच आवडत नाही. कणकवलीला हमरस्त्याच्या कडेला एका बाईंची खानावळ आहे. उकड्या तांदळाचा भात, बांगड्याचा तिखला, सोलकढी, एवढाच सरंजाम. पूर्वी मुंबई-गोवा रस्त्यावरच्या गाड्या गावातल्या गर्दीत अडकत, चालक वैतागून खाली उतरत, आणि बाई आतून म्हणत, “बसा ओ जरा, भात आत्ता उतरतलो.” आता गावावरून उड्डाणपूल गेला आहे. मागे गेलो तेव्हा अर्धी बाके रिकामी होती. बाईंनी वर बोट दाखवले आणि म्हणाल्या, “आता गाड्यो वरसून जातत. खाली कोण येता?” तक्रारीचा सूर नव्हता, असता तर मला उत्तर देणे सोपे गेले असते. पुलामुळे माझाही वेळ वाचतो, आणि त्या वाचलेल्या वेळात आजवर मी काय केले, असे कोणी दरडावून विचारले तर माझ्यापाशी सादर करण्यासारखा कागद नाही. त्या दिवशी मी बाईंना सिद्धान्त सांगितला नाही, शोधाचा उल्लेख केला नाही. भात दुसऱ्यांदा मागून घेतला.

सबब वाचकांस विनंती आहे की, त्या बाजूस गेल्यास कणकवलीला पुलावर चढू नये, खालच्या रस्त्याने जावे. बांगडा लवकर संपतो. भात दुपारी तीनपर्यंत मिळतो.