श्री. साबुदाणा, मु. पो. सेलम, यांस

पत्र उघडं पाठवतो आहे, कारण एकादशीला तुम्हाला एकटं गाठणं अशक्य. सकाळी बघावं तर रात्रभर भिजून फुगून तयार, आणि शेजारी बटाटा, दाण्याचं कूट व तुपाची बरणी असे तीन साथीदार उभे.

हल्ली घरोघर खाण्यावर पाळत आहे. पोळ्या मोजल्या जातात, चहात साखर अर्धा चमचा पडते आणि ‘आमच्याकडे भात बंद केलाय’ हे लोक पीएच.डी. मिळाल्यासारखं सांगतात. या धरपकडीत तुमच्या केसालाही धक्का लागलेला नाही. लागणार कसा? तुम्ही जेवण नाहीच मुळी, फराळ आहात. ताटभर खिचडी पोटात गेल्यावर माणूस डोळे मिटून सांगतो, ‘सकाळपासून काही खाल्लेलं नाही, उपवास आहे.’ एवढी अब्रू श्रीखंडालासुद्धा कमावता आली नाही.

तुमची कुंडली काढून पाहिली. तुम्ही कसावाच्या कंदाचे. हा कंद दक्षिण अमेरिकेतला, पोर्तुगिजांबरोबर मलबार किनाऱ्यावर उतरला. 1880च्या दशकात त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ यांनी त्याच्या लागवडीला उत्तेजन दिलं. तुमच्या नावाने पूर्वी यायचा तो माल मलायाकडचा, तिथल्या एका ताडजातीच्या झाडाच्या गाभ्यातला. दुसऱ्या महायुद्धात ती आयात थांबली आणि तमिळनाडूतल्या सेलमच्या व्यापाऱ्यांनी कसावाच्या पिठावर धंदा उभा केला. कंद सोलायचा, किसून पिळायचा, पांढरं दूध हौदात निवळू द्यायचं, तळाशी बसलेला ओलसर स्टार्च हलवून हलवून त्याच्या गोळ्या करायच्या, भाजायच्या, उन्हात वाळवायच्या. 1981 साली सेलमला तुमची सहकारी संस्था निघाली, 2023 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. अभिनंदन! तक्रार तुमच्या जन्माबद्दल नाही. तमिळ शेतकऱ्याचं घर तुमच्यावर चालतं. पण जो माल उन्हात वाळवेपर्यंत नुसता स्टार्च होता, तो आमच्या देव्हाऱ्यापर्यंत पोचताना सात्त्विक कसा झाला, एवढं कळवावं.

साथीदारांचंही तेच. बटाटा दक्षिण अमेरिकेचा, शेंगदाणा तिथलाच, रताळं आणि हिरवी मिरचीही अमेरिका खंडांतूनच आलेली. राजगिरासुद्धा मूळचा अमेरिकेचाच. उपवासाच्या ताटात अख्खं पलीकडचं जग येऊन बसलं आहे आणि हळद, मोहरी, तूर, मूग ही इथली मंडळी दाराबाहेर! कोथिंबीर टाकायची की नाही, यावर तर जावा-जावांचे अबोले झालेले आहेत. ज्या पुण्यात 1890 साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांवर बहिष्काराचं ग्रामण्य आलं आणि प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, त्याच पुण्यात समुद्र ओलांडून आलेल्या बटाट्याला कुणी गोमूत्राचा एक थेंबही पाजला नाही. वशिला लागतो तो असा.

आता हिशेब. कोरडा साबुदाणा 60 ग्रॅम घेतला तर झाले सुमारे 210 कॅलरी. मूठभर, म्हणजे 25 ग्रॅम शेंगदाणे, 140. मोठा चमचाभर तूप (आणि तुमचं तेवढ्यावर भागत नाही, हे आपल्या दोघांनाही माहीत आहे), 130. अर्धा बटाटा, 40. एक साधी ताटली पाचशेच्या वर गेली. दोन पोळ्या, वाटीभर वरण आणि पालेभाजीची बेरीज बहुधा त्याच्या आतच राहते, आणि त्यात प्रथिनं, चोथा, लोह असं काहीतरी असतं. तुमच्याकडे काय? शंभर ग्रॅममध्ये एक ग्रॅमसुद्धा प्रथिन नाही. ताटलीतली सहा-सात ग्रॅम प्रथिनं येतात ती बहुतेक सगळी शेंगदाण्याची. तो बिचारा कुटला जातो आणि नाव तुमचं होतं. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम प्रथिनं लागतात. ‘दिवसभर फक्त फराळ’ करणाऱ्यांनी ती कुठून आणायची? वेफर्समधून?

चोथ्याबद्दल तर बोलायलाच नको. खिचडीचा दाणा न् दाणा मोकळा झाला पाहिजे, यावर आमच्याकडे सुगरणपण ठरतं. गोळा झाला तर सासूबाई आठवडाभर विषय काढतात. तुम्ही होता मोकळे. दुसऱ्या दिवशी आमचं पोट मात्र मोकळं व्हायचं नाव घेत नाही. मधुमेह असलेल्यांची गत आणखी वाईट. तुमचा स्टार्च झटपट पचतो, साखर चढते, दोन तासांत पुन्हा भूक लागते आणि मग वडे तळायला कढई चढते.

वर्षातून दोनदा आला असतात तर हे पत्र लिहिलंच नसतं. पण महिन्याच्या दोन एकादश्या, संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र, महाशिवरात्र, वर एखादा गुरुवार किंवा शनिवार धरलेला असला, की वर्षाचे दिवस शंभराच्या घरात जातात. संकष्टीचा प्रकार तर विशेष. दिवसभर तुम्ही, आणि रात्री साडेनऊला चंद्र उगवल्यावर वरण-भात, भाजी, मोदक असं पूर्ण जेवण. हात धुतला की लगेच अंथरूण. पोटाला विश्रांती देण्याचा हा दिवस! त्या पोटाला बोलता आलं असतं तर त्याने युनियन काढली असती.

तुम्ही म्हणाल, वारकरी मला खातात, त्यांना काही होत नाही. बरोबर. आळंदीहून पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास, ते चालत जातात. दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर तुडवणाऱ्याच्या पायांना तुमचा स्टार्च हवाच असतो. वारीच्या शेवटच्या टप्प्यात वाखरीला पोचलेल्या माणसाच्या ताटलीकडे बोट दाखवायची माझी छाती नाही. अडचण लिफ्टने दुसऱ्या मजल्यावर जाणाऱ्यांची आहे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चालायला सांगते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. आमच्यातले कित्येक एकादशीला तेवढंही टाळतात, कारण ‘आज अंगात त्राण नाही, उपवास आहे ना.’

तुमची हद्दपारी मागत नाही. आजारातून उठलेल्या माणसाला तुमची पातळ पेज मानवते, हे मान्य आहे. अटी फक्त इतक्या: यापुढे ताटात नाही, वाटीत यायचं. शेंगदाण्यांना वरचा मान द्यायचा. सोबत दही आणि काकडी आल्याशिवाय बसायचं नाही. आणि सकाळी येऊन गेलात तर संध्याकाळी वड्याच्या वेषात परत यायचं नाही, आम्ही ओळखतो.

पुढच्या एकादशीला आमच्याकडे सह्याद्रीच्या उतारावरची वरी आणि दाण्याची आमटी ठरली आहे. वरी, म्हणजेच भगर, हीही काही संत नव्हे. ओल लागलेली जुनी भगर आणि बुरशी धरलेलं पीठ खाऊन ऐन महाशिवरात्रीला माणसं दवाखान्यात पोचतात, म्हणून ती ताजी, निवडून आणि घरीच दळून. त्यानंतर टेकडीवर चालायला जायचं. तुम्ही त्या दिवशी डब्यात आराम करावा, झाकण घट्ट लावलेलं आहे.

कळावे. शेवटी ‘लोभ असावा’ लिहायची रीत आहे, पण लोभ इकडून आधीच जास्त झाला आहे.

आपला,
एक उपवासकरी