आपणच घडवलेला पोरगा

वरणगावात टपरीवर चहा घेत उभे आहात आणि रस्त्यावरून एखादी नवी गाडी गेली, की बाकावरून आवाज येतो, ‘‘हा आपलाच पोरगा बरं का भो. आपणच घडवला.’’ गाडीची काच काळी असते. आत कोण होतं ते अण्णांनीही पाहिलेलं नसतं.

अण्णा म्हणजे कोणी एक माणूस नव्हे. १९६४ साली इथे ऑर्डनन्स फॅक्टरी आली, केळी-कापसाच्या मुलखात शिफ्ट आली आणि कालांतराने निवृत्त अण्णांचं पीक आलं. हा वाण दीपनगरच्या वीजकेंद्राच्या आणि भुसावळच्या रेल्वेच्या मातीतही जोमाने येतो. पण काडतुसाचा दाखला द्यावा तो आमच्याच अण्णांनी.

‘‘पाहा,’’ रिकामा कप हातात फिरवत ते सुरू करतात, ‘‘पितळेची एवढीशी वाटी असते. ती प्रेसवर ओढायची. ओढली की लांब होते, पण कडक पडते. तशीच पुन्हा ओढली तर फाटते. म्हणून मधे भट्टीत तापवून मऊ करायची, मग पुढची ओढ. घाई केली की माल भंगारात.’’

माणसं घडवण्यावर याहून चांगलं व्याख्यान मी ऐकलेलं नाही. अडचण एवढीच, की अण्णा ते फक्त पितळेबद्दल देत असतात. हाताखालच्या अप्रेंटिसांना त्यांनी नुसतंच ओढलं, भट्टी विसरले. ‘‘शिकवायचं नसतं, पाहून शिकायचं असतं,’’ हे त्यांचं ब्रीद. आणि पोरगा पाहायला वाकला की मशीनसमोर स्वतःची पाठ आडवी. सेटिंगची मापं एका डायरीत, डायरी खिशात आणि खिशाला बटण. कुणाला काही जमलं तर ‘‘आपणच शिकवलं’’, बिघडलं तर ‘‘आजकालची पोरं!’’

मग ती पोरं शिकली कधी? त्यांना चहा पाजला की ती खरं सांगतात. अण्णा वर्षातून दोनदा रजेवर जायचे, एकदा कापूस वेचणीला आणि एकदा लग्नसराईत. डायरीही त्यांच्याबरोबर जायची. मग पोरं आपापसांत विचारत, चुकत, तुकडे मोजत, पुन्हा लावत. पंधरा दिवसांत मशीन हाताला यायची. थोडक्यात, भट्टी होती. फक्त ती अण्णांच्या रजेच्या अर्जात होती.

हल्ली अण्णांच्या पुतण्याला कंपनीने ‘लीडरशिप’च्या ट्रेनिंगला पाठवलं. तीन दिवस एसी हॉल, पडद्यावर बाण आणि वर्तुळं, शेवटी सर्टिफिकेट. अण्णांनी ते उलटसुलट पाहिलं नि विचारलं, ‘‘यात हाताला ऑइल लागतं का रे?’’ या एका प्रश्नापुरता मी अण्णांच्या बाजूने आहे.

१ ऑक्टोबर २०२१ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून सात सरकारी कंपन्या झाल्या. वरणगाव म्युनिशन्स इंडियाकडे गेलं. बातमी वाचून गावात चर्चा, काळज्या, तर्क. अण्णांनी पेपर घडी करून बाकावर ठेवला आणि म्हणाले, ‘‘चिंता नको. साती ठिकाणी आपलीच पोरं आहेत.’’

तेव्हा वरणगावला आलात तर त्या बाकावर जरूर बसा, शेवभाजी कुठे चांगली मिळते तेही अण्णांनाच विचारा. फक्त चहाचे पैसे त्यांना देऊ देऊ नका. पुढच्या खेपेला तुम्हीही त्यांनीच घडवलेले असाल.