लायसनभाऊ

आमच्या सॉफ्टवेअरची अजून एक ओळही लिहून झालेली नाही, पण त्याचं लायसन तीनदा बदललं आहे. हे श्रेय एकट्या लायसनभाऊंचं.

ठरलं होतं इतकंच : नागपुरातल्या धंतोलीतल्या एका धर्मादाय दवाखान्यासाठी केसपेपर, तपासण्या आणि औषधांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर पाच जणांनी मिळून करायचं, आणि मग ते मागेल त्याला देऊन टाकायचं. दर रविवारी तर्री-पोह्याच्या टपरीवर बैठक. पहिल्याच बैठकीत भाऊंनी पिशवीतून छापील गठ्ठा काढला. "कोड काय, कोणीबी लिहिते. देऊन टाकायचं म्हणता, पण कसं देऊन टाकायचं?"

मग समोरच्या वाटीवर बोट ठेवून ते सुरू झाले. "समजा, ही तर्री तुमची. एमआयटी म्हणजे, कृती न्या, बदला, विका, फक्त मूळ मालकाच्या नावाची चिठ्ठी सोबत ठेवा. जीपीएल म्हणजे, तुम्ही मसाला वाढवून भरला गंज दुसऱ्याला विकला, तर तो मसालाबी त्याला सांगा लागते."

"सावजीवाल्याले सांगून पाहा ना भाऊ," टपरीवाला झारा हलवत म्हणाला.

भाऊंना टोमणे लागत नाहीत. "आता एखादा गंज कोणालेच देत नाही, खिडकीतून नुसत्या प्लेटा विकून राहिला. सर्व्हरवरचं सॉफ्टवेअर असंच. जीपीएल तिथं हात टेकते. म्हणून 2007 साली एजीपीएल तीन आलं. खिडकीतून खाणाऱ्यालेबी कृती मागता येते!" तोवर पोहे गार झालेले असत.

लायसनांच्या पत्रिकाही भाऊ जुळवतात. अपाचे दोनचं जीपीएल तीनशी जमतं, जीपीएल दोनशी मात्र नाडी आडवी येते. मोझिलाचं स्थळ मवाळ : ज्या फाइलला हात लावला, तेवढीच उघडी करायची.

दवाखान्याच्या स्वागतकक्षातल्या ताईंनी एकदा भीत भीत विचारलं, "ओपन म्हणजे पेशंटचे कागद सगळ्यांले दिसतीन?" भाऊ ताडकन उठले. "कृती उघडी हो बाई! कोण काय जेवलं, ते नाही!" इतकं नेमकं उत्तर मला आजवर कुठल्या सेमिनारात मिळालेलं नाही.

दवाखान्याच्या डॉक्टर मॅडमना खटकलं ते वेगळंच. बहुतेक सगळ्या लायसनांत एक कलम सारखं असतं : जसं आहे तसं, कसलीही हमी नाही. "आणि डोस चुकीचा दाखवला तर?" भाऊंनी गठ्ठ्यातून ओपनएमआरएस या दवाखान्यांसाठीच्या खुल्या सॉफ्टवेअरचा कागद काढला. ते करणाऱ्यांनी मोझिला लायसनला आरोग्यसेवेपुरता वेगळा इशारा जोडलेला आहे. मॅडमनी वाचला आणि म्हणाल्या, "ऑपरेशनच्या आधी आम्ही नातेवाइकांची सही घेतो, तेच की हे." त्या रविवारी दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं.

भाऊ चुकतात असंही नाही, हीच खरी पंचाईत. पाच जणांनी लिहिलेल्या कोडचं लायसन नंतर बदलायचं, तर पाचही जणांची संमती लागते, आणि तोवर एक जण पुण्याला, एक टेक्सासला गेलेला असतो.

शेवटी मीच म्हणालो, "भाऊ, बम्हनी नावाचं तयार सॉफ्टवेअर वापरू. बिलासपूरजवळ गनियारीला, जन स्वास्थ्य सहयोगच्या दवाखान्यात चाललेलं आहे, ओपनएमआरएसवरच उभारलेलं. इथून गाडीत बसलं की बिलासपूर. आणि लायसन ठरलेलंच आहे, एजीपीएल तीन."

भाऊंचा चेहरा असा पडला, जणू मुलगी न दाखवताच लग्न लावून दिलं असावं. अख्खी प्लेट संपेपर्यंत ते बोलले नाहीत. मग रुमालाला हात पुसत म्हणाले, "ठीक आहे. पण त्याचं मराठी भाषांतर आपण करणार. त्याचं लायसन कोणतं?"

परवा मॅडमनी सीताबर्डीवरून दोनशे पानी चार रजिस्टरं आणली. केसपेपर सध्या त्यांतच लिहिले जातात. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर भाऊंनी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं आहे : जसं आहे तसं, कसलीही हमी नाही.