भाऊबीज, आचारसंहिता आणि शनिवारची रात्र

एडिसन, न्यू जर्सी
२५ मे २०२५

ती. नाना आणि ती. माई यांस,


"फोनवर तुझं ध्यान नसतं, काय असेल ते कागदावर लिही," असं नाना तुम्ही बजावलंत, म्हणून कित्येक वर्षांनी पेन शोधला. त्यात शाई नव्हती. हा तुमच्या नातीचा जांभळा स्केचपेन आहे, रंगावर जाऊ नये.

गुन्हा कबूल करतो. रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला तुम्ही व्हिडिओ कॉल लावता, मागे हायवेवरच्या ट्रकांचे हॉर्न असतात. तुमचे नऊ म्हणजे आमचे शनिवारी रात्रीचे साडेअकरा, आणि नेमका तेव्हाच इथे ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ हा थेट प्रक्षेपणाचा विनोदी कार्यक्रम सुरू होतो. १९७५ पासून त्याची हीच वेळ आहे. आपल्या विसरवाडीला विचारून ठरवायला हवी होती, पण राहून गेलं.

यंदाचा हंगाम पन्नासावा, त्यातून निवडणुकीचा. भाऊबीजेला ताईने फोनला कुंकू लावलं, ताट धरलं, आणि इकडे पडद्यावर कमला हॅरिसची नक्कल करणारी माया रुडॉल्फ आरशापुढे बसली होती. आरशात बघते तर पलीकडे साक्षात कमला हॅरिस! मी ओरडलो, "अगं, ही खरी आहे!" ताई म्हणाली, "मग? खोटी बहीण ओवाळते का कुणाला?" तेव्हापासून ती माझ्याशी मोजकंच बोलते.

तुम्ही मात्र मुद्द्याचं विचारलंत. "मतदान कधी?" मी म्हटलं, मंगळवारी. "दोन-तीन दिवसांवर मतदान आणि उमेदवार टीव्हीवर? आचारसंहिता नाही का?" तेव्हा आपल्याकडे विधानसभेची लागलेलीच होती. नाना, तुमचा आक्षेप इथेही निघाला. दुसऱ्याच दिवशी त्या वाहिनीने मोटारींच्या शर्यतीच्या प्रक्षेपणात ट्रम्प यांना फुकट वेळ दिला. "म्हणजे आहे थोडीफार," असं म्हणून तुम्ही अमेरिकेला पास केलंत.

त्याच रात्री इथली घड्याळं एक तास मागे गेली. कार्यक्रम तुमच्या दहाला सरकला आणि मार्चपर्यंत घरात शांतता नांदली. घड्याळ पुन्हा पुढे गेलं, भांडण पुन्हा नऊला आलं.

या हंगामात माईला सगळ्यात आवडला तो लग्नाचा प्रसंग. नवरीच्या मैत्रिणी बेसूर गाऊन नवऱ्यासमोर तिची भानगड फोडतात. त्या भानगडीतला डॉमिंगो इथे घरोघरी पोचला. माई एक शब्द न कळता हसली. म्हणाली, "हे तर विहिणीचं गाणं!"

डिसेंबरात आम्ही दोघं प्रत्यक्ष बघायला गेलो. तिकीट फुकट, पण मिळेलच असं नाही. न्यू यॉर्कच्या फुटपाथवर थंडीत रांग. सूनबाई म्हणाली, "फुकट म्हटलं की तुमचे पाय आपोआप वळतात." आम्हाला जागा मिळाली ती आठच्या तालमीला. तीही प्रेक्षकांसमोरच होते. बुधवारी तीस-चाळीस प्रवेश वाचतात, त्यातले थोडे निवडतात, दोन दिवसांत नेपथ्य उभं करतात आणि तालमीत जे पडेल ते साडेअकराला गाळतात. शेवटच्या घटकेला संवाद बदलले तर कॅमेऱ्याशेजारी धरायचे पुठ्ठे पुन्हा हाताने लिहितात. आम्ही पोट धरून हसलो तोच प्रवेश रात्री गाळला. सूनबाईचं मत, आमचं हसणं पास झालं नाही.

त्या रांगेत मला आपल्याकडची सोंगाड्या पार्टी आठवली. तुमच्या खांद्यावर बसून मी पहाटेपर्यंत बघायचो. लुगडं नेसलेल्या गड्याचा पदर ढोलकीवाल्याच्या पायाखाली आला, तर तोच विनोद व्हायचा. एकदा ऐन रंगात वीज गेली. अंधारातून सोंगाड्या म्हणाला, "बिल कुणी भरलं नाही रे?" आणि सरपंचांच्या बाजूने सगळ्यात मोठं हसू आलं. तुमची ‘हास्यजत्रा’ मलाही आवडते, पण ती आधी चित्रित होते. चुकलेलं कापता येतं, पदर पुन्हा खोचता येतो. इथे नट हसला तर हसला, देशाने पाहिलं. पुठ्ठ्याचा आधार सोडला तर हे लोक सोंगाड्याचेच भाऊबंद. या वयात रात्री जागायचं कारण तेवढंच.

आणि ओवाळणंही तसलंच. ते पुन्हा लावून बघता येत नाही, हे जरा उशिरा कळलं.

१७ मेला हंगाम संपला. आता शरद ऋतूपर्यंत नऊ वाजता मी तुमचाच. पहिल्या रिंगला फोन उचलीन. ट्रकांचे हॉर्नसुद्धा ऐकीन.

आपला,
बाळू

ता. क. : ताईला सांगावं, ओवाळणी वेगळी पाठवतो आहे, दंडासकट. यंदाची भाऊबीज २३ ऑक्टोबरला, गुरुवारी आहे. कॅलेंडर दोनदा पाहिलं.