मोहीमवाले

सहलीला आलेला माणूस गाडीतून उतरला की आळस देतो आणि मोरी कुठे आहे ते विचारतो. मोहीमवाले उतरतच नाहीत. ते आधी गाडीतला किलोमीटरचा आकडा वाचून वहीत टिपतात. आमच्या अंगणात त्यांचा पाय पडण्याआधी आम्ही त्यांच्या वहीत जमा झालेलो असतो.

श्रीवर्धनात घरगुती राहण्याजेवणाची सोय करणाऱ्या आम्हा वाडीवाल्यांना हा वाण चांगला ओळखीचा आहे. दिवाळीची सुट्टी लागली किंवा सव्वीस जानेवारीला शनिवार-रविवार जोडून आला की हमखास उगवतो. गाडीची पाटी कधी ठाण्याची, कधी पुण्याची. आत माणूस तोच. पंचावन्नच्या पुढचा, खिशाला दोन पेनं. तो सहलीला मोहीम म्हणतो, मुक्कामाला तळ, चहाला रसद. चिवड्याच्या डब्यांची कोठी बायकोकडे. हेरखातं नातवाकडे, म्हणजे मोबाइलात नकाशा बघून "आजोबा, डावीकडे!" असं वळण गेल्यावर ओरडायचं.

परवाचे काका दुपारी जेवायला यायचे, ते साडेचारला आले. "माणगावात अडकलो. सिद्दीनंसुद्धा इतकं अडवलं नसेल!" वाळलेल्या आंबोळ्या सोलकढीत बुडवून खाता खाता त्यांनी हिशेब दिला. रायगड झाला. पाचाड झालं. महाडचं चवदार तळं झालं. या मंडळींच्या भाषेत स्थळं पाहिली जात नाहीत, गोवर-कांजिण्यांसारखी होऊन जातात. तळ्यावर किती वेळ होतात, असं मी विचारलं. काकूंनी परस्पर उत्तर दिलं, "सात मिनिटं. त्यातली चार, बाटलीबंद पाणी कुठे मिळेल ते शोधण्यात." बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी ज्या पाण्यात ओंजळ घातली, त्याच्या काठावर!

काकूंचं खरं गाऱ्हाणं वेगळंच होतं. "आमच्या ह्यांच्या गाडीत सगळी माणसं आधी वारतात, मग जन्माला येतात." थोरल्या बाजीरावांची रावेरखेडीची समाधी उन्हाळ्यात झाली, जन्मगाव डुबेरं दिवाळीत. बाळाजी विश्वनाथांची सासवडची समाधी गेल्या वर्षीच उरकली होती, आणि त्यांचं मूळ गाव म्हणून आता आमची पाळी. रस्ते ज्या क्रमानं सोयीचे, त्या क्रमानं इतिहास घडतो.

संध्याकाळी पेशवे स्मारकात गेलो. रस्ता दाखवायला म्हणून मी निघालो होतो, पण काका दहा पावलं पुढे. पुतळ्यासमोर उभे राहून त्यांनी मला माझं गाव समजावून सांगितलं. भट घराण्याची देशमुखी, सिद्दीचा जाच, १७०७ला शाहू महाराजांची सुटका, १७१३ला पेशवेपद, १७१४ला कान्होजी आंग्र्यांशी तह, १७१९ला दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा. सनावळी अचूक होती, हे कबूल करायला हवं. मला एकही साल अडखळल्याशिवाय सांगता येत नाही. आमच्या गावाचं असंच आहे. जो बाहेर पडला तो पेशवा झाला, जे राहिले ते सुपाऱ्या सोलतायत.

मग फोटो. काकांनी पुतळ्यापुढे छाती काढून उभं राहायचं आणि नातवानं काढायचा. नऊ फोटो निघाले. सगळ्यांत काका पूर्ण आहेत आणि त्यांच्या टोपीतून बाळाजीपंतांची पगडी उगवलेली आहे. "तुम्ही लोकांनी हे अजून भव्य करायला हवं," परतताना त्यांनी मला बजावलं. मी हो म्हटलं. पाहुण्यांना हो म्हणणं हा आमच्या धंद्याचा निम्मा भाग आहे.

वाडीत शिरल्यावर मात्र ते विरघळले. "वा! निसर्ग काय राखलाय तुम्ही!" आमच्याकडे हा शब्द जरा जपून वापरावा लागतो. आमचा निसर्ग चक्रीवादळ होऊन ३ जून २०२०ला आला होता आणि अर्ध्या दिवसात आजोबांच्या हातच्या पोफळी आडव्या करून गेला. पुन्हा लावलेल्या पोफळीला धरायला सहा-सात वर्षं लागतात. मी हे सांगत होतो, काकांनी वही उघडली, तारीख लिहिली आणि विचारलं, "याचं स्मारक कुठे आहे?"

मी पायाखाली बोट दाखवलं. तिथे एक जुना बुंधा होता, आम्ही त्यावर कपडे धुतो. काकांनी त्याचाही फोटो काढला. त्या एका फोटोत मात्र ते स्वतः नाहीत.

समुद्र आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. तो त्यांच्या यादीत नव्हता, कारण त्याला सन नाही. पण पहाटे काका वहीत सुवाच्य अक्षरात कालची नोंद करत होते, तेवढ्यात काकू आणि नातू माझ्या बायकोबरोबर गुपचूप जाऊन गुडघाभर भिजून आले. पायांना वाळू बघून काका म्हणाले, "कुठे होता? हरिहरेश्वर, मग बागमांडल्याची फेरी, पलीकडे नाना फडणवीसांचं वेळास. उशीर होतोय." दुपारी त्यांचा फोन आला. धक्क्यावर कुणाला तरी नानांची कारकीर्द सांगत उभे राहिले होते, फेरी निघून गेली.

गडबडीत वही आमच्याकडेच राहिली. कोनाड्यात अशा आता तीन वह्या झाल्या आहेत, तिन्ही निळ्या पुठ्ठ्याच्या, तिन्हींत पहिल्या पानावर किलोमीटर. ज्यांच्या असतील त्यांनी खूण पटवून घेऊन जाव्यात. येताना आदल्या दिवशी फोन करावा, म्हणजे आंबोळ्या गरम मिळतील.